सर्पिल नळी-यंत्रात फट का पडते आणि पदर का सुटतात?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. कागदी पट्ट्यांपासून सर्पिल पद्धतीने नळ्या गुंडाळणारे यंत्र आपण नुकतेच चालू केले आहे. मॅन्ड्रेलचा, म्हणजे ज्यावर नळी गुंडाळली जाते त्या दांड्याचा, व्यास ७६.५ मिमी आहे. ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाच्या), अर्धा मिमी जाडीच्या दहा पट्ट्या एकावर एक बसून ५ मिमी जाडीची भिंत तयार होते आणि या सर्व पट्ट्या १२० मिमी रुंदीच्या आहेत. तक्त्यात पाहून यंत्राची कोनपट्टी (कोन दाखवणारी खूणपट्टी) ६० अंशांवर ठेवूनही आतल्या पदराच्या, म्हणजे आतल्या थराच्या, दोन कडांमध्ये सेंटीमीटरभर फट राहते आणि बाहेरच्या पदरात ती आणखी मोठी दिसते. नळी दाबली की पदर सुटतात. चार दिवसांनी ७६ मिमीचा गेज (आतला व्यास तपासण्याचे माप) नळीत जात नाही. वेग वाढवला की नळी फिरवणारा पट्टा घसरतो, म्हणून आपण तो अधिकाधिक ताणत आहात. हे यंत्रच सदोष आहे काय आणि ते बदलावे काय, असे आपण विचारले आहे.

यंत्र बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून फटीचे कारण कोनाच्या हिशेबात दिसते, आणि उरलेल्या तीनही तक्रारी ती फट, गोंद, त्यातले पाणी व अनावश्यक घर्षण यांच्याशी जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. हे कसे, ते क्रमाने सांगतो. पण पहिला भाग सावकाश वाचावा, कारण नवीन माणसाची चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

या यंत्रात मॅन्ड्रेल फिरत नाही. तो एका टोकाला घट्ट धरलेला असतो आणि दुसरे टोक मोकळे असते. दोन ड्रमांवरून फिरणारा पट्टा नळीला तिरका एक वेढा घालतो. नळीला गोल फिरवणे आणि त्याच वेळी मॅन्ड्रेलवरून पुढे सरकवणे ही दोन्ही कामे तो एकटा करतो, आणि दहाही पट्ट्या रिळांवरून खेचल्या जातात त्या त्याच्याच ओढीने. यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण ती सहज नजरेतून सुटते. पट्ट्याखाली आलेली नळी हा एकच सलग तुकडा असतो, त्यामुळे नळीच्या एका फेऱ्यात पहिला पदर जितका पुढे सरकतो तितकाच दहावाही सरकतो. या अंतराला आपण पिच म्हणू. पिच सर्व पदरांचा एकच असतो. कोन मात्र प्रत्येक पदराचा वेगळा असतो, कारण बाहेरच्या पदराचा परीघ मोठा असतो.

हे कागदावर काटकोन त्रिकोण काढून पाहता येते. एका पदराचा एक फेरा उलगडून सपाट केला, असे समजा. त्रिकोणाची एक भुजा म्हणजे त्या पदराचा परीघ, काटकोनातली दुसरी भुजा म्हणजे पिच, आणि कर्ण म्हणजे एका फेऱ्यात खर्च होणाऱ्या पट्टीची लांबी. कडेला कड नेमकी भिडण्यासाठी लागणारी रुंदी म्हणजे परीघ गुणिले पिच भागिले कर्ण. परीघ काढताना पदराच्या जाडीच्या मध्यावरचा व्यास घ्यावा. आपल्या पहिल्या पदराचा असा व्यास ७७ मिमी आहे, म्हणून परीघ २४१.९ मिमी येतो. १२० मिमीची पट्टी त्यावर कडेला कड बसायची असेल, तर पिच १३८.२ मिमी हवा; तेव्हा कर्ण २७८.६ मिमी होतो आणि पट्टी अक्षाशी सुमारे ६०.३ अंशांचा कोन करते. तक्त्यात पाहून आपण ठेवलेले ६० अंश इथूनच आले असावेत, आणि पहिल्या पदरापुरते ते जवळपास बरोबरच आहेत.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. यंत्राच्या कोनपट्टीवर आपण लावतो तो कोन पट्ट्याचा, आणि पट्टा पहिल्या पदरावर बसत नाही. तो नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसतो. तिथला व्यास ८६.५ मिमी, म्हणजे परीघ २७१.७ मिमी. या परिघावर पट्टा ६० अंशांत बसवला, तर तो नळीला फेऱ्यामागे सुमारे १५७ मिमी पुढे ढकलतो. १५७ मिमीच्या पिचला पहिल्या पदरासाठी १३१.६ मिमी रुंद पट्टी लागते आणि दहाव्यासाठी १३५.७ मिमी. आपण दोन्हीकडे १२० मिमीचीच पट्टी दिली आहे. आत सेंटीमीटरभर आणि बाहेर त्याहून मोठी फट का दिसते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पिच १३८.२ मिमी हवा असेल, तर पट्टा सुमारे ६३ अंशांवर लागेल.

माझ्यावर विसंबण्यापूर्वी हे स्वतः मोजून पाहावे. तयार नळीच्या बाहेरच्या पदराच्या लागोपाठच्या दोन जोडांमधले अंतर नळीच्या लांबीला समांतर मोजपट्टी धरून मोजा. ते १५७ च्या आसपास निघाले, तर निदान पक्के झाले. कोनपट्टीपेक्षा या मोजमापावर मी नेहमीच अधिक विश्वास ठेवतो, कारण कोनपट्टीचा शून्य हललेला असू शकतो, काही यंत्रांवर कोन अक्षापासून मोजलेला असतो तर काहींवर अक्षाच्या काटकोनातल्या रेषेपासून, आणि पट्टा थोडासा घसरत असल्यास प्रत्यक्ष पिच कोनपट्टीशी जुळत नाही. या कामात मी नवा असताना दोन पूर्ण दिवस रिळांचे ब्रेक खालीवर करण्यात घालवले होते. फट कमी होईना, कारण कोनाची खूण चुकीच्या रेषेपासून वाचली जात होती. तेव्हापासून कोणत्याही नव्या यंत्रावर मी पहिल्यांदा जोडांतले अंतर मोजतो.

पट्ट्याची चौकट फिरवताना एका वेळी पाव अंशाहून जास्त फिरवू नये. आपल्या मापांत ६३ अंशांच्या आसपास एका अंशाचा फरक म्हणजे पहिल्या पदराच्या फटीत सुमारे ४ मिमीचा फरक आहे. प्रत्येक बदलानंतर निदान दोन-तीन मीटर नळी जाऊ द्यावी आणि मगच पाहावे. नुकत्याच फिरवलेल्या चौकटीखाली जुन्या पिचचा भाग अजून शिल्लक असतो. पट्ट्याची रुंदी पट्टीच्या रुंदीपेक्षा कमी आहे ना, हेही एकदा तपासा, कारण तो जास्त रुंद असेल तर वेढ्यात स्वतःच्याच कडेवर चढतो आणि लवकर फाटतो.

आता पट्ट्यांच्या रुंदीबद्दल. पिच १३८.२ मिमीवर स्थिर झाल्यावर दहाव्या पदराला १२३ मिमी रुंदी लागते. म्हणजे आतून बाहेर सुमारे ३ मिमीची वाढ आहे. कोन सर्व पदरांचा सारखाच राहतो, असे धरून हिशेब केला, तर हीच वाढ १४ मिमी येते, आणि त्या आकड्यावर विसंबून चिरून आणलेली रिळे बाहेरच्या पदरांत एकमेकांवर चढून पूर्ण वाया जातात. आपण रिळे नव्याने चिरून घेणार असाल, तर आतल्या चार पदरांना १२०, मधल्या तीन पदरांना १२१ आणि बाहेरच्या तीन पदरांना १२२ मिमी घ्या. अशाने प्रत्येक पदरात शून्य ते साधारण एक मिमीची फट राहील. ओल्या गोंदाने कागद रुंदीत किंचित फुगतो, म्हणून थोडी फट मुद्दाम ठेवणे योग्यच आहे. कडेवर कड चढली तर मात्र नळीवर उंचवटा उठतो, आणि पातळ फिल्म गुंडाळणाऱ्या ग्राहकाकडे तो उंचवटा फिल्मच्या कित्येक थरांतून उमटतो. एक मिमीच्या फटीपेक्षा अर्धा मिमीचा चढ मी अधिक वाईट समजतो.

या हिशेबाचे आणखी दोन परिणाम आहेत. पहिला असा, की पदराचा कोन आतल्या ६०.३ पासून बाहेरच्या ६२.९ अंशांपर्यंत बदलतो, म्हणून पट्ट्यांचे मार्गदर्शक दांडेही त्या क्रमाने थोडे थोडे फिरवलेले असावेत. सगळे एकाच कोनात असतील, तर पट्टीची एक कड ताणली जाते, दुसरी ढिली पडते आणि ढिल्या कडेला बारीक सुरकुत्या येतात. दुसरा असा, की एका मीटर नळीमागे पहिल्या पदराची पट्टी २.०२ मीटर आणि दहाव्याची २.२० मीटर लागते. त्यामुळे बाहेरची रिळे आधी संपतात, आणि हे ठाऊक नसले की कामगारावर उगाच ठपका येतो. जोडांची जागाही पाहावी. लगतच्या दोन पदरांचे जोड एकाच रेषेवर आले, तर तिथे सर्पाकार कमकुवत रेषा तयार होते, म्हणून पट्ट्या मॅन्ड्रेलवर कुठे उतरतात ती ठिकाणे पुढेमागे करून जोड विखुरलेले ठेवावेत.

पदर सुटण्याच्या तक्रारीत फटीचा वाटा मोठा आहे. दहा-पंधरा मिमी फटीवर वरच्या पदराला खाली आधारच नसतो. तरीही गोंद स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. वाळलेल्या नळीचा पदर हाताने सोलून पृष्ठभाग नीट पाहा. दोन्ही बाजूंना कागदाचे तंतू फाटून आलेले असतील, तर गोंदाने आपले काम केले आहे आणि कागदच आतून कमकुवत आहे. पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर दुसरा पदर येऊन टेकण्यापूर्वीच गोंदावर साय धरली होती. इथे वेगाचा संबंध येतो. गोंदाची टाकी मॅन्ड्रेलपासून अडीच मीटर अंतरावर असेल, तर मिनिटाला ३० मीटर वेगाने चाललेली पट्टी ते अंतर ५ सेकंदांत कापते, आणि १० मीटर वेगाने १५ सेकंदांत. सावकाश चालवले की चिकटणे पक्के होते, ही समजूत म्हणूनच नेहमी खरी नसते; लवकर धरणाऱ्या गोंदाच्या बाबतीत परिणाम नेमका उलटा होतो. सावकाश चालवणे भागच असेल, तर टाकी मॅन्ड्रेलजवळ आणावी किंवा गोंदाचा प्रकार बदलावा.

सोललेल्या जागी गोंद जेमतेम दिसत असेल, तर जादा गोंद खरवडणारी पाती जास्त घासत आहे किंवा कागदाने गोंद पिऊन टाकला आहे. सर्वांत आतल्या पट्टीच्या मॅन्ड्रेलकडील बाजूला गोंद लागता कामा नये, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु घर्षण कमी करण्यासाठी त्या बाजूला लावायचे मेण दुसऱ्या बाजूवर किंवा शेजारच्या पट्टीवर गेले, तर तिथेही गोंद धरत नाही, आणि ही चूक शोधायला फार वेळ लागतो.

आता पाणी. आपल्या नळीत गोंदाचे नऊ थर आहेत. प्रत्येक थरात चौरस मीटरला ५० ग्रॅम ओला गोंद बसला आणि त्यात ४५ टक्के घन भाग असला, तर नऊ थरांत मिळून सुमारे २५० ग्रॅम पाणी जाते. तेवढ्याच चौरस मीटरमध्ये दहा पदरांच्या कागदाचे वजन ३५०० ग्रॅम आहे, म्हणजे आधीच्या ओलाव्यात जवळपास ७ टक्क्यांची भर पडते. कामगाराने तोच गोंद सहज वाहावा म्हणून पाणी घालून ३५ टक्क्यांवर आणला आणि थर ८० ग्रॅमचा झाला, तर पाणी ४६८ ग्रॅम होते, म्हणजे भर १३ टक्क्यांहून अधिक. एवढे पाणी भिंतीच्या मधोमध अडकते आणि तिथून बाहेर पडायला त्याला कित्येक दिवस लागतात. तोवर नळी मऊ राहते, आणि वाळताना आकसते.

कागद वाळताना तंतूंच्या दिशेत फार थोडा आकसतो आणि आडव्या दिशेत बराच जास्त. सर्पिल नळीत पट्टीची लांबी, म्हणजेच तंतूंची मुख्य दिशा, परिघाच्या बाजूला झुकलेली असते. म्हणून व्यासापेक्षा नळीची लांबी जास्त आकसते. व्यासातला फरक काही दशांश मिमीचाच असला, तरी मॅन्ड्रेल आणि गेज यांच्यात आपण एकूण अर्धाच मिमी राखून ठेवला आहे, आणि जादा पाणी तो सहज खाऊन टाकते. मात्र गेज न जाण्याचे कारण आकसणे हेच आहे, असे मोजल्याशिवाय ठरवू नका. आतला व्यास एकमेकांशी काटकोनात दोन ठिकाणी मोजा. दोन्ही मापे सारखीच कमी झाली असतील, तर नळी आकसली आहे. एक कमी आणि दुसरे जास्त असेल, तर ओल्या नळ्या आडव्या रचून वरच्या वजनाने खालच्या लंबगोल झाल्या आहेत. अशा वेळी मॅन्ड्रेल बदलून काहीही साधणार नाही. ओल्या नळ्या उभ्या ठेवाव्यात, सर्व बाजूंनी हवा फिरू द्यावी, आणि घाईने एका बाजूने गरम हवा सोडू नये, नाहीतर नळी केळ्यासारखी वाकते.

गोंद कोणता वापरावा, असे आपण विचारलेले नाही, तरी दोन शब्द सांगतो. सोडियम सिलिकेटने भिंत कडक होते, परंतु तो थर ठिसूळ असतो, दमट हवेत नरमतो आणि कापणारी पाती फार लवकर बोथट करतो. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा पांढरा गोंद) लवकर धरतो आणि लवचीक राहतो, आणि घन भाग जास्त असलेला पीव्हीए घेतला तर पाण्याचा प्रश्नही बराच हलका होतो. शिकण्याच्या काळात मी पीव्हीएच सुचवीन. कोणताही घेतला, तरी प्रवाहीपणा मोजण्याचा कप हाताशी ठेवा आणि पाणी घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या.

पट्टा घसरण्यावर आपण योजलेला उपाय मला सर्वांत चिंताजनक वाटतो. पट्टा जितका ताणाल, तितका तो नळीला मॅन्ड्रेलवर आवळतो. आवळल्याने मॅन्ड्रेलवरचे घर्षण वाढते, घर्षणाने मॅन्ड्रेल तापतो, मेणाचा थर पातळ होऊन निघून जातो, नळी आणखी अडते आणि पट्टा पुन्हा घसरतो. या चक्रात शेवटी नळी मॅन्ड्रेलवर जागीच चिकटून बसते किंवा पट्टा तुटतो. त्याआधी गोंद पिळून कडांतून बाहेर पडतो, पट्ट्याच्या आतल्या बाजूला लागतो आणि त्याची पकड घालवतो. म्हणून आधी ओढीला होणारा विरोध कमी करा. दहा रिळांचे ब्रेक मिळून जो भार होतो, तो सगळा पट्ट्यालाच ओढावा लागतो. पट्टी सरळ चालेल इतकाच ब्रेक ठेवा, आणि सर्वांत आतल्या पट्टीचा ताण त्यातही कमी ठेवा, कारण तीच मॅन्ड्रेलला प्रत्यक्ष घासते. मेणाची वडी आतल्या पट्टीच्या पूर्ण रुंदीवर टेकते आहे का, ते पाहा. मॅन्ड्रेलवर वाळलेल्या गोंदाचा ठिपका किंवा ओरखडा असल्यास तो घालवा. हे सारे करूनही पट्टा घसरला, तरच ताण थोडा वाढवा.

पट्टा जिथे नळीवर चढतो, त्या जागी गोंद पुसायला चालू यंत्रावर कधीही हात किंवा फडके नेऊ नका, आणि कोणाला नेऊ देऊ नका. ती जागा बोटे आत ओढते, आणि तो वेग पाहून हात मागे घ्यायला माणसाला वेळ मिळत नाही. आपत्कालीन थांब्याची दोरी किंवा कळ त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशीच असली पाहिजे.

कापणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नळीबरोबर सरकणारी पात्याची गाडी पिच बदलल्यावर नव्याने जुळवावी लागेल, कारण त्याच फेऱ्यांना नळी आता कमी पुढे जाईल. मिनिटाला १०० फेऱ्यांना पूर्वी सुमारे १५.७ मीटर नळी निघत होती, ती आता १३.८ मीटर निघेल. अंतिम लांबीला नळी ओली असताना कापू नका. थोडी जास्त लांबी ठेवून ती वाळल्यावर पुन्हा कापा.

आपण हे सर्व एकाच दिवशी बदलू नये, अशी माझी विनंती आहे. आधी कोन आणि पिच, मग ब्रेक आणि मेण, त्यानंतर गोंद. प्रत्येक बदलानंतर वीस नळ्यांवर क्रमांक घालून त्यांची लांबी, दोन दिशांचा आतला व्यास आणि वजन कापल्याबरोबर लिहून ठेवा, आणि वजन घटायचे थांबेपर्यंत रोज त्याच वेळी पुन्हा मोजा. चेपण्याची ताकद तपासून घ्यायची असेल, तर कोअरच्या, म्हणजे अशा नळ्यांच्या, चाचण्यांसाठी आयएसओ ११०९३ ही मानकमालिका आहे. तिचा चौथा भाग मापांचा आणि नववा भाग आडवे चेपण्याच्या प्रतिकाराचा आहे. नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिरावल्यानंतरचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, कारण ओल्या नळीचा आकडा काहीच सांगत नाही. या वीस नळ्यांचा ओला आणि सुका व्यास हातात आला, की नव्या मॅन्ड्रेलची गरज आहे का, आणि असल्यास तो ७६.५ ऐवजी किती मिमीचा घासून घ्यायचा, हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.